मोटारीच्या पादुका

भरतानें श्रीरामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षें राज्य चालविलें, ही कथा आमच्या वाचकांच्या घरांतील लहान मुलांसहि ठाऊक असते. पादुका ही पायाखालची वस्तु. परंतु सर्व भार तीच वाहते. आणि जें पायाखालीं असतें, तेंच आपण सर्वांत कमी वेळां पाहतों. गेल्या आषाढांत अशाच एका पायाखालच्या वस्तूनें आम्हांस चांगला धडा शिकविला. ती वस्तु म्हणजे मोटारीच्या पेडलावर बसविलेलें रबराचें आवरण. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्यांत आमच्या हातून झालेला एक अन्याय गुंतलेला आहे, आणि तो कबूल केल्यावांचून या महिन्याची लेखणी खालीं ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आमचें बिऱ्हाड पालघरास. तीन भावांचा संसार एका छपराखालीं चालतो. चूल एक, देवघर एक, आणि मोटारहि एकच. मोटार लहान, बारा वर्षांची, परंतु घरच्या गाईप्रमाणें सर्वांच्या उपयोगाची. वडील बंधूंस डॉक्टरांकडे न्यावयाचें, पाहुण्यांस स्थानकावरून आणावयाचें, लग्नकार्यास केळव्याकडे किंवा डहाणूकडे जावयाचें, तर तीच एक. तथापि तिचा नित्याचा उपयोग आमच्या सूनबाईस. ती तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत कामास आहे. देशांतील पहिलें अणुविद्युत केंद्र १९६९ सालीं तारापुरास सुरू झालें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्या बाजूच्या शेंकडों लहानमोठ्या कारखान्यांत आमच्यासारख्या घरांतील किती लेकीसुना रोज जातात, हें बाहेरच्यांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. पालघराहून बोईसरास आगगाडीनें जावें तर मध्यें उमरोळी हें एकच स्थानक लागतें. परंतु स्थानकापासून कारखाना लांब, आणि प्रयोगशाळेच्या पाळ्या कधीं पहांटे लागतात, कधीं रात्रीं उशिरां सुटतात. म्हणून मोटार ही तिची चैन नव्हे; तो तिच्या नोकरीचा आधार आहे. ही गोष्ट आम्हीं ध्यानांत ठेवावयास पाहिजे होती.

आषाढांतील त्या संध्याकाळीं पावसानें झोड धरली होती. सूनबाई बोईसराहून निघाली ती पांचबत्तीपर्यंत सुखरूप आली. १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारांत बळी गेलेल्या पांच हुतात्म्यांचें जेथें दरसाल स्मरण केलें जातें, तोच हा आमच्या गांवचा चौक. तेथें भाजीची एक हातगाडी वाटेंत आडवी आली. सूनबाईनें ब्रेकवर पाय दिला. ओली चप्पल पेडलावरून सटकली. आणि मोटार थांबावयाची ती दोन हात पुढें सरकून हातगाडीस लागली. मोटारीचा वेग पायीं चालणाराच्या वेगाहून अधिक नव्हता, हें आमचें दैव. भाजीवाल्यास इजा झाली नाहीं. वांग्यांच्या दोन पाट्या चिखलांत पडल्या, त्यांचें मोल तिनें तेथल्या तेथें चुकतें केलें, आणि घरीं येऊन सर्व हकीकत आपण होऊन सांगितली.

जें माणूस इतक्या सरळपणानें सांगतें, त्याच्या सांगण्याची चौकशीहि तितक्याच सरळपणानें व्हावयास हवी. ती आम्हीं केली नाहीं. वडील बंधू म्हणाले, ‘पावसाळा सरेपर्यंत मोटार बंद ठेवा.’ आम्हीं चौतीस वर्षें मुलांस विचार करून बोलावयास शिकविलें; परंतु त्या वेळीं आमच्याच तोंडून वाक्य निघालें, ‘पाऊल घसरतें, तें आधीं चित्त घसरलेलें असतें म्हणून.’ त्या क्षणीं तें वाक्य आम्हांस सुभाषितासारखें वाटलें. सूनबाईनें कांहीं उत्तर केलें नाहीं. तिनें मोटारीची किल्ली देवघराशेजारच्या खुंटीवर अडकविली आणि ती पोळ्या लाटावयास गेली.

पुढचे आठ दिवस किल्ली तेथेंच होती. सूनबाई घरांतून तासभर आधीं निघूं लागली. आगगाडी, मग रिक्षा, मग चिखल तुडवीत कारखाना. परत येई तों नातू निजलेला असे. त्याचा अभ्यास घ्यावयाचा तो आम्ही घेऊं लागलों. परंतु आईची वाट पाहत तो दर दोन ओळींनीं दाराकडे पाही, हें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. एके रात्रीं शेजारच्या खोलींतून सूनबाईचें बोलणें कानावर आलें. ‘असेंच चालावयाचें असेल तर नोकरी सोडलेली बरी,’ असें ती आमच्या मुलास सांगत होती. त्या रात्रीं आम्हांस झोंप नीट लागली नाहीं. तरीहि आपलें वाक्य चुकलें असेल, असें आमच्या मनांत आलें नाहीं, हें येथें लिहून ठेवतों.

रविवारीं सकाळीं आमच्या चष्म्याची डबी सांपडेना. ती मोटारींत राहिली असेल म्हणून आम्ही विजेरी घेऊन गेलों, चालकाच्या बाजूचें दार उघडलें आणि गुडघे टेंकून आसनाखालीं पाहूं लागलों. डबी सांपडली, परंतु तिच्याआधीं विजेरीचा प्रकाश ब्रेकच्या पेडलावर पडला. पेडलावरील रबराच्या उभ्या खांचा, ज्या कधीं काळीं नांगरटीप्रमाणें स्पष्ट असतील, त्या जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. जेथें पायाचा चवडा नेहमीं पडतो, त्या उजव्या खालच्या कोपऱ्यांत तर रबर पार झिजून आंतलें लोखंड उघडें पडलें होतें, आणि तें घांसलेल्या भांड्याच्या बुडासारखें चकाकत होतें. क्लचच्या रबराची एक कड फाटून लोंबत होती. आम्हीं बोट ओलें करून ब्रेकच्या त्या कोपऱ्यावर टेंकलें. देवळाच्या झिजलेल्या पायरीवर शेवाळांतून जसें पाऊल जावें, तसें बोट निसटलें.

आमचा विषय संस्कृत. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे त्यांचा तास आम्हांकडे येत असे, आणि घर्षणाचा धडा आम्हीं अनेकदां वाचून दाखविला आहे. दोन पृष्ठभागांच्या मध्यें पाण्याचा पातळ थर आला कीं पकड कमी होते. रबराला खांचा ठेवलेल्या असतात त्या शोभेकरितां नव्हेत. पाय दाबतांच पाण्यास बाजूस जावयास वाट मिळावी आणि उंचवट्यांची चपलेशीं गांठ पडावी, याकरितां. खांचा गेल्या म्हणजे पाणी मध्येंच अडकतें. शिवाय रबर हा कायमचा पदार्थ नव्हे. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधकाच्या साहाय्यानें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधली खरी. तथापि हवा, ऊन आणि वय यांनीं तेंहि कडक होतें, त्यास भेगा पडतात, आणि त्याची पकड जाते.

दुसरी गोष्ट तरफेची. ब्रेकचें पेडल ही एक तरफ आहे. पायाचा दाब ती कित्येक पटींनीं वाढविते. पुढें इंजिनाच्या शोषणानें त्यांत आणखी भर पडते. आणि नळ्यांतील द्रव तो दाब चारी चाकांपर्यंत पोंचवितो. एवढी सर्व योजना कशाला गुणिते? पायाच्या दाबाला. पायच निसटला तर पुढची यंत्रणा कितीहि उत्तम असो, शून्याला कशानेंहि गुणिलें तरी गुणाकार शून्यच. त्या सायंकाळीं चित्त कोणाचेंच घसरलें नव्हतें. घसरलें होतें तें बारा वर्षांचें झिजलेलें रबर.

आम्ही तसेच माजघरांत गेलों. सूनबाई नातवाच्या गणवेशाचीं बटणें लावीत होती. आम्ही म्हणालों, ‘सूनबाई, दोष तुझ्या पावलाचा नव्हता. ब्रेकचें रबर झिजून लोखंड उघडें पडलें आहे. आम्हीं तुला लावून बोललों, तें चुकलें.’

तिनें सुई बाजूस ठेवली. ती म्हणाली, ‘मामंजी, फाल्गुनांतच मीं तुम्हांला सांगितलें होतें, ब्रेकवर पाय निसटतो म्हणून. तुम्ही म्हणालांत, पाडव्यानंतर गाडी दुरुस्तीला जाईल तेव्हां पाहूं.’

आम्हांस तें आठवलें. पाडव्यानंतर मोटार दुरुस्तीस गेलीहि होती. तेल बदललें, चाकांत हवा भरली, दिवे तपासले. मिस्त्रीस काय काय पाहावें याची यादी आम्हींच सुवाच्य अक्षरांत लिहून दिली होती. आणि तींत पेडलाच्या रबराचें नांव नव्हतें. जें सांगणारी घरांतच होती आणि रोज त्या पेडलावर पाय ठेवीत होती, तिचें सांगणें आम्हीं यादींत घालण्याइतकेंहि मोलाचें मानलें नाहीं. वाचकहो, सासऱ्यानें सुनेपुढें मान खालीं घालण्याचे प्रसंग आपल्या घरांतून फार येत नाहींत. आम्हांवर तो आला, आणि तो यावयास योग्यच होता.

रबर बदलण्याचें ठरतांच आमचा धाकटा पुतण्या पुढें सरसावला. दोन दिवसांत त्यानें एक खोका मागविला. त्यांत ॲल्युमिनियमच्या तीन चकचकीत पट्ट्या होत्या, शर्यतीच्या मोटारींत असतात तशा, भोंकें पाडलेल्या, आणि सोबत बारीक स्क्रू व नट. ‘काका, हीं बसविलीं कीं गाडी नवी दिसेल,’ असें त्याचें म्हणणें. आम्हीं त्यास ओसरीवर बसविलें, पट्ट्या हातांत घेतल्या आणि एकेक शंका काढली. त्या येथें देतों, कारण पुष्कळ घरांतील तरुणांस हीच हौस असते.

पहिली शंका जोडणीची. या पट्ट्या बसवावयाच्या तर पेडलाच्या पत्र्यास भोंकें पाडावीं लागत. पाडलेलें भोंक पुन्हां बुजत नाहीं. आणि मोटार रोज हादरत असते, म्हणून एखादा नट ढिला होऊन पट्टी फिरण्याची किंवा गळून ब्रेकखालीं जाण्याची भीति. ॲक्सिलरेटरचें पेडल तर आमच्या मोटारींत प्लास्टिकचें आहे; त्यास भोंक पाडणें म्हणजे तडा जावयास निमंत्रण. दुसरी शंका मापाची. ब्रेकवरची पट्टी मूळच्या रबराहून बोटभर रुंद होती. तितकें ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांमधील अंतर कमी होणार, आणि जाड जोडा घातलेला पाय एकाच वेळीं दोहोंवर पडूं शकणार. तिसरी शंका पकडीची. धातूवर रबराचे उंचवटे नसतील तर ती ओल्या चपलेखालीं आमच्या झिजलेल्या पेडलाहून निराळी वागणार नाहीं. न्यायानें बोलावयाचें तर सर्वच धातूच्या पट्ट्या वाईट नव्हेत. कांहीं मोटारींस कारखान्यांतूनच तशा पट्ट्या येतात. त्यांस रबराचे उंचवटे असतात, आणि त्या त्याच मोटारीच्या मापानें घडविलेल्या असतात. परंतु ‘सर्व गाड्यांस बसणारी’ असें ज्या वस्तूवर लिहिलेलें असतें, ती बहुधा कोणत्याच गाडीस नीट बसत नाहीं.

चौथी गोष्ट आम्हीं त्यास निराळ्या रीतीनें सांगितली. चालक पेडलाकडे पाहत नाहीं. त्याचा पाय पाहतो. डावीकडे क्लच, मध्यें ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर ही रचना आज सर्वत्र आहे, म्हणून ती निसर्गाचाच नियम असावा असें वाटतें. तसें नाहीं. १९०८ पासून १९२७ पर्यंत अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें ‘मॉडेल टी’ नांवाची मोटार दीड कोटींच्या संख्येनें तयार केली. तींतहि पेडलें तीनच होतीं. परंतु डावें गति बदलण्याचें, मधलें मोटार मागें नेण्याचें आणि उजवें ब्रेकचें. वेग वाढविण्याची दांडी हातापाशीं असे. ती मोटार चालविणाराच्या पायाला तेंच पाठ होतें. पाठांतर जसें जिभेचें असतें, तसें पायाचेंहि असतें. पेडलाची उंची, रुंदी, कडेचा स्पर्श यांत फरक केला म्हणजे पाठ झालेला श्लोक मध्येंच कोणी बदलावा तसें होतें. आणि चूक नेमकी घाईच्या क्षणीं होते.

पुतण्याचें तोंड उतरलें. शेवटीं निकाल सूनबाईनें दिला. ती म्हणाली, ‘भावोजी, गाडी रोज मी चालवतें. मला पाय धरून ठेवणारें रबर पाहिजे, चमकणारें नको.’ यावर बोलावयासारखें कोणाजवळ कांहीं नव्हतें. खोका परत गेला.

आतां नवीं रबरें आणिलीं आणि बसविलीं तो विधि सविस्तर देतों. कामास अर्धा तास पुरतो, हत्यारें घरचींच लागतात, आणि खर्च एखाद्या बऱ्याशा पुस्तकाइतकाहि येत नाहीं.

प्रथम माप. पुतण्या केवळ मोटारीचें नांव सांगून बोईसरच्या बाजारांतून दोन रबरें घेऊन आला. एकाच नांवाच्या मोटारींत वर्षावर्षानें फरक होतात, ही गोष्ट दोघांच्याहि ध्यानांत आली नव्हती. पेडलावर चढविलें तेव्हां रबर सैल बसलें. अंगठ्यानें ढकलतांच फिरूं लागलें. तें परत केलें. मग सूनबाईनें जुनें रबर काढलें, कागदावर ठेवून पेन्सिलीनें त्याची रेघ मारली, आंतल्या खांचेची खोली मापली, आणि मोटार कोणत्या वर्षाची तें कागदावर लिहिलें. जुनें रबर आणि तो कागद घेऊन पुतण्या पुन्हां गेला, आणि या वेळीं नेमकें तेंच घेऊन आला. आमची सूचना अशी कीं, जुनें रबर बरोबर नेल्यावांचून नवें घेऊं नये.

रविवारीं सकाळीं अंगणांतील सपाट फरशीवर मोटार उभी केली. इंजिन बंद, किल्ली बाहेर काढलेली, हँडब्रेक ओढलेला, आणि मागच्या चाकास वीट लावलेली. चालकाचें आसन मागें सरकविलें, तळाची मॅट बाहेर काढली, आणि विजेरी धरण्याचें काम आम्हांकडे आलें. सूनबाई खालीं बसली. जुनें रबर ओढून काढण्यास बळ लागत नाहीं, युक्ति लागते. पेडलाच्या मागच्या बाजूनें रबराची एक कड अंगठ्यानें उलटी करावी, आणि मग उशीची खोळ काढतात तशी ती चारी बाजूंनीं सोडवीत यावें. कड अगदींच चिकटली असेल तर बोथट डिसमिस घालावा. धारदार सुरी घालूं नये, कारण ती निसटली तर हातांत जाते.

आंतला पत्रा पाहून आम्ही चकित झालों. बारा वर्षांची माती आणि गंज यांचा थर होता. तो ओल्या फडक्यानें पुसला, गंजाचे डाग बारीक पॉलिशपेपरनें घांसले, आणि पत्रा कोरड्या फडक्यानें दोनदां पुसून वाळूं दिला. पत्र्यास तडा किंवा वांक दिसला असता तर काम तेथेंच थांबवून मिस्त्रीकडे गेलों असतों. पेडल दाबतां हळूहळू खालीं जाऊं लागलें किंवा स्पंजासारखें लागलें तरीहि हाच नियम. तो रोग रबराचा नव्हे, आणि त्याचा उपाय घरीं करूं नये.

नवें रबर ताठ होतें आणि कड पत्र्यावरून जाईना. आमच्या सौभाग्यवती दारांत उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, थोडा साबण लावा. कासार बांगड्या भरतांना लावतो तसा. भर्रकन जाईल.’ सूचना अनुभवाची होती, आणि पुतण्या साबण आणावयास उठलाहि. परंतु आम्हीं त्यास थांबविलें, कारण नेमक्या याच साबणाची एक हकीकत आमच्या वाचनांत आली होती. २०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत टेस्ला कंपनीनें सायबरट्रक जातीच्या ३,८७८ गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. ॲक्सिलरेटरच्या पेडलावरील पट्टी निसटून वरच्या बाजूच्या आवरणांत अडकण्याची, आणि त्यामुळें पेडल दाबलेलेंच राहण्याची भीति निर्माण झाली होती. मूळ शोधतां असें निघालें कीं, पट्टी सहज चढावी म्हणून जोडणीच्या वेळीं साबण वापरण्यांत आला होता. त्याचा अंश आंत राहिला आणि पकड ढिली पडली. पुढें ती पट्टी रिव्हेट मारून पक्की करण्यांत आली. बांगडी मनगटावर सैल फिरली तरी चालते, नव्हे, तिनें फिरावेंच. पेडलाच्या रबरानें फिरतां कामा नये. ज्यानें चढतांना सोपें जातें, त्यानेंच उतरतांनाहि सोपें जातें.

म्हणून साबण नाहीं, तेल नाहीं, खोबरेल तर मुळींच नाहीं. रबर पांच मिनिटें सोसवेल इतक्या गरम पाण्यांत ठेवलें, बाहेर काढून आंतून बाहेरून अगदीं कोरडें पुसलें, आणि तें मऊ आहे तोंच सूनबाईनें वरची कड पत्र्यावर अडकविली. मग एका हातानें ती धरून दुसऱ्या हातानें दोन्ही बाजू खालीं ओढीत आणल्या, आणि शेवटीं खालची कड अंगठ्यांनीं पलीकडे लोटली. ब्रेक झाला, मग क्लच. ॲक्सिलरेटरला आम्हीं हात लावला नाहीं. त्याचें पेडल घडणीचेंच खांचेदार आहे, आणि जें ठीक आहे तें ठीक ठेवावें.

बसविणें हें अर्धें काम. तपासणें हें उरलेलें अर्धें. पेडलाच्या मागून चारी कडांवर बोट फिरवून कोठेंहि कड दुमडलेली नाहीं, हें पाहिलें. रबर दोन्ही हातांनीं पिळून आणि ओढून पाहिलें. तें हललें नाहीं. प्रत्येक पेडल शेवटपर्यंत दाबून सोडलें. तें कोठेंहि न अडतां आपोआप वर आलें. सूनबाईनें नेहमींची चप्पल घालून, आणि ती मुद्दाम ओली करून, ब्रेक दहा वेळां दाबला. मग तळाची मॅट परत घातली. परंतु तिची गळसरी आधीं आंकड्यांत अडकविली आणि मॅट पुढें सरकत नाहीं याची खात्री केली. येथेंहि एक मोठें उदाहरण आहे. २००९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत कॅलिफोर्नियांत एका लेक्सस मोटारीच्या अपघातांत चौघांचे प्राण गेले. त्या मोटारींत दुसऱ्या जातीच्या मोटारीची जाड रबरी मॅट घातलेली होती, आणि तिच्यांत ॲक्सिलरेटर अडकून बसला होता. त्यानंतर टोयोटा कंपनीनें सुमारें ३८ लाख मोटारींच्या मालकांस चालकाच्या बाजूची मॅट काढून ठेवण्याचा इशारा दिला. एका मॅटवर दुसरी मॅट घालण्याची आपल्याकडे फार चाल आहे, विशेषतः पावसाळ्यांत, ती सोडावी.

मग इंजिन सुरू करून मोटार अंगणांतल्या अंगणांत पायीं चालण्याच्या वेगानें पुढेंमागें नेली आणि प्रत्येक वेळीं ब्रेक लावला. मागचे तांबडे दिवे लागतात कीं नाहीं, तें नातवानें मोठ्यानें ओरडून सांगितलें. आठ दिवसांनीं पुन्हां एकदां रबर ओढून पाहावयाचें, असें कालनिर्णयावर लिहून ठेवलें. आठ दिवसांनीं पाहिलें. तें होतें तेथेंच होतें.

सोमवारीं पहांटे पाऊस पडतच होता. देवघराशेजारच्या खुंटीवरून किल्ली काढून आम्हीं सूनबाईच्या हातीं दिली, आणि तिला विचारून तिच्या शेजारच्या आसनावर बसलों. पांचबत्तीस तोच भाजीवाला हातगाडीवर कागद पसरीत होता. एक सायकलवाला आडवा आला. सूनबाईनें ब्रेक दाबला. मोटार जागच्या जागीं उभी राहिली. ती कांहीं बोलली नाहीं, आणि आम्हीहि नाहीं. बोईसरपर्यंत आम्ही नातवाच्या अभ्यासाविषयीं बोलत गेलों, आणि येतांना आम्ही एकटे आगगाडीनें परत आलों. त्या आठ दिवसांत ती कशी जात येत होती, तें एकदां तरी पाहावें असें वाटलें. पाहिलें, आणि उभ्यानें येतांना आमचें तें सुभाषित आम्हांस पुष्कळदां आठवलें.

त्या दिवसापासून आमच्या घरीं एक लहानशी वही मोटारींत ठेवलेली आहे. जो मोटार चालवील त्यानें जें खटकेल तें तींत लिहावें, आणि दुरुस्तीची यादी त्या वहीवरून व्हावी. आमच्या स्मरणावरून नव्हे. वहींत पहिली ओळ सूनबाईच्या हातची आहे: ‘मागची कांच पुसणारा दांडा आवाज करतो.’ तो दुसऱ्याच दिवशीं बदलला.

वाचकहो, आपल्या घरीं मोटार असेल तर हा अंक खालीं ठेवल्यावर विजेरी घेऊन जावें आणि ब्रेकच्या पेडलावरील रबराचा उजवा खालचा कोपरा पाहावा. खांचा दिसत असतील तर उत्तम. नसतील तर उद्यांवर टाकूं नये. आणि घरांतील कोणी, मग तें वयानें कितीहि लहान असो, ‘पाय निसटतो’ असें म्हणालें, तर त्याच्या चित्ताविषयीं बोलण्यापूर्वीं एकदां गुडघे टेंकून पायाखालीं पाहावें.